मोठी फ्लॉपी

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो धाकट्या बहिणीच्या नोकरीसाठी. परळीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला मुलगी हवी होती. गाड्यांच्या फेऱ्यांचा तक्ता करून फ्लॉपीत घालून आणा, म्हणाले होते.

बीडच्या दुकानदारानं विचारलं, "कॉम्प्युटरला फ्लॉपी मोठी लावू का छोटी?"

बहीण म्हणाली, "दादा, आमच्या क्लासात छोटीच हाय."

दुकानदारही सांगत होता, छोटीतच जास्त मावतं, आता तीच चालते, जरा महाग पडेल एवढंच. झालं! माझ्यातला धारूरचा किराणावाला जागा झाला. तीन पिढ्या आम्ही मापं हाताळलेली. पायलीपेक्षा तिच्या निम्म्या अधोलीत जास्त मावतं म्हणणारा माणूस मापात अंगठा घालतो, एवढं मला कळत होतं. "लहान माप देऊन जादा पैसे घेता व्हय?" म्हणालो आणि मोठी लावून घेतली. वर बहिणीकडं असं पाहिलं, की बघ, भाऊ कसा हाय!

तिनं मन लावून तक्ता केला. परळीला मीही सोबत गेलो. साहेबांच्या यंत्राची फट चार बोटांची, आमची फ्लॉपी तळहातापेक्षा मोठी.

"हा पापड काहून आणला?" साहेब म्हणाले.

तेव्हा तरी मी गप्प बसावं की न्हाई? "साहेब, मोठी हाय. हिच्यात जास्त मावतं."

दारातला ड्रायव्हर म्हणाला, "मग ट्रकात टाका की, मालक!" सगळं ऑफिस हसलं.

"इथंच बसून करून दाखवते," बहीण म्हणाली. साहेबांना वेळ नव्हता. पुढच्या मुलीनं पर्समधून छोटी फ्लॉपी काढली. ती टक्कन आत गेली, आणि नोकरीही तिलाच गेली.

एसटीत बहीण खिडकीबाहेर बघत राहिली.

घराच्या दारातच आईनं विचारलं, "काय झालं गं?"

मी तोंड उघडलं, पण बहीणच आधी बोलली, "लाईट नव्हती, माय. तक्ता बघताच आला न्हाई त्यांना."

परळीत, जिथं वीज तयार होते तिथं! पण आईला ते पटलं. लाईटीला शिव्या देत तिनं चहा टाकला, आणि "बहिणीपायी दिवस मोडला लेकरानं" म्हणून पहिला कप माझ्या हातात दिला.

बहीण समोरच बसली होती. मी तो प्यायलो.