‘आलं’ म्हणून सांगितलं

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची मराठी गेली. राहिलं ते माहेरचं कन्नड. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. जतच्या पुढं, सीमेलगतच्या आमच्या गावात कन्नड काही परकं नाही. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते बाजारापुरतंच यायचं. पाणी, मीठ, मेंढराचा भाव. तेवढ्यावर बायकोशी किती बोलणार?

तिच्या माहेरकडची भजनं लावणारं एक कन्नड चॅनेल होतं. आमच्याकडच्या कुठल्याच बॉक्सवर ते नव्हतं, सी बँडवर मात्र फुकट यायचं. त्याला खरं तर अंगण अडवणारी मोठी डिश लागते. आबांनी मिरजेच्या भंगारातून चार फुटांची आणली, गावातल्या मेकॅनिककडून तिच्यावर सी बँडचा एलएनबी, म्हणजे सिग्नल धरणारा डबा, चढवून घेतला आणि स्लॅबवर उभी केली. एवढ्याशा डिशवर ते चॅनेल जेमतेम पकडायचं. बोटभर सरकली की चित्र गेलं. आणि माळावरचं वारं तिला सरकवल्याशिवाय राहत नसे.

डिश लावायला दोन माणसं लागतात. एकानं वर फिरवायची, दुसऱ्यानं टीव्हीवरची सिग्नलच्या क्वालिटीची पट्टी बघून खालून ओरडायचं. खालचा माणूस मी. मी राहतो सांगलीत, विश्रामबागला. गावी जायचो ते एखाद्या रविवारी, आणि गेलो की आबा शिडी लावूनच बसलेले असत.

त्या रविवारीही तेच. मी टीव्हीपुढं, शेजारी बाजेवर आई.

“आलं का रं?”

“न्हाई अजून.”

“आता?”

“व्हतं, गेलं.”

“तू टीव्हीफुडं बसलायस का झोपलायस? येष्टीनं निघालो आसतो तर आत्तापतुर तुज्या आईच्या म्हायेरी जेवून आलो आसतो.”

ऊन कलायला लागलं. पट्टी हिरवी व्हायची, लगेच लाल. चित्र यायचं आणि चौकोन चौकोन होऊन फुटायचं. मला कंटाळा आला होता. एस.टी. चुकेल असं मी मनाला सांगितलं, पण मागून दुसरी होती. मी ओरडलो, “आलं आबा. आवळा नट.”

त्याच क्षणी शेजारून आई म्हणाली, “होय्तु.” गेलं.

एवढं कन्नड मला कळतं. वर आबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी नट आवळले. ते खाली उतरून हातपाय धूत होते, तेव्हा मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, आई दमलीय, आता उद्या बघू दे. मग निघालो.

दुसऱ्या दिवशी आबा एकटेच चढले. वर जाऊन फिरवायचं, खाली येऊन बघायचं, परत वर. कितव्या खेपेला शिडीवरून पडले कुणाला माहीत नाही. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात गेलो तर माझा हात धरून म्हणाले, “वाऱ्यानं हालली रं. तू सुट्टीचा दिस घालवून लावून दिलीस, आन् एक रात बी टिकली न्हाई.”

मी म्हणालो, “व्हय आबा.”

ताई खंडाळ्याला असते. ती दोघांनाही घेऊन गेली. आबा तिच्याकडं अंथरुणातून उठलेच नाहीत, तिथंच गेले.

दहाव्याला पाहुणे म्हणत होते, म्हाताऱ्याला ह्या वयात डिशचं खूळ कशाला. मी ऐकत उभा राहिलो. पुढं ताईही तेच म्हणू लागली. “हट्टी माणूस. त्या भांड्यापायी आईला माझ्या गळ्यात टाकून गेला.” दर वर्षी, आबांच्या फोटोला हार घालताना सुद्धा. मी एकदाही तिला अडवलं नाही.

परवा खंडाळ्याला गेलो होतो. ताई आईला भात भरवत होती. आबांचा विषय निघाला आणि तिनं तेच सुरू केलं. मी म्हणालो, “ताई, त्यांचा हट्ट नव्हता. डिश लागलीच नव्हती. मी खोटं सांगितलं होतं.” मग सगळं सांगितलं.

तिचा घास हातातच राहिला. तिनं विचारलं, “आईला ठावं होतं?”

“व्हय. ती माझ्या शेजारीच होती.”

“आन् मी इतकी वर्सं त्यांना शिव्या घालत बसले. ते बी तू ऐकलंस.”

“ऐकलं.”

तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि आत निघून गेली. आई माझ्याकडं बघत होती. उरलेला भात मी तिला भरवला.