वाकलेली तार
आज निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या गरम हिरव्या कापडाचा वास आला अन् मले चंद्रपूरचं ते ऑपरेशन थेटर आठवलं! तिथं मी नवीनच टेक्निशियन होती, अन् मणक्यात छोट्या छेदातून स्क्रू बसवायची अवजारं पेटीत भरून पहिल्यांदाच नागपूरहून आली होती. पेशंट सिंदेवाहीकडचा, मोहाची फळं, टोळं, पाडताना झाडावरून पडलेला. त्याच्या बायकोले मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बोटभर चीर पडन फक्त, लवकरच उभे राह्यतीन भाऊ!" मग आयाबाईले पेटी दाखवत बसली. ज्या तारेवरून स्क्रू आत सरकवतात ती उचलून म्हटलं, "पाहा मावशी, कशी लवते!" अन् तार वाकली ती काही केल्या सरळच होईना. हातानं दाबून तशीच ट्रेमध्ये ठेवली, कोणाले सांगितलं नाई. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी तार उजेडात धरली. "कोणी वाकवली?" मी ट्रेमधल्या कात्र्या मोजत राह्यली. नागपूरहून पेटी घेऊन आलेल्या माणसानं बोलणी खाल्ली. त्या मापाची दुसरी तार नव्हती, म्हणून पेशंटची पाठ वीतभर उघडावी लागली. बाहेर बायको म्हणे, "बाई, तुम्ही तं बोटभर म्हटलं होतं नं?" मी म्हटलं, "हाड लय खराब होतं." तं तिनंच माझा हात धरला, "तुम्ही काऊन रडून राह्यल्या? तुमचा काय दोष?" तीन वर्षं झाली. आज इतकं भराभर टाइप करून राह्यली मी, पण तेव्हा तिले एक खरं वाक्य नाई सांगता आलं.