ग्युंटरचा टीव्ही चांगला होता

हेर क्रिंग्स. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. हे नाव सगळ्यात आधी लिहितो, कारण आज मी जो काही आहे त्यात आईबाबांच्या खालोखाल कुणाचा हात असेल तर तो त्यांचा. आता जे सांगणार आहे ते मी पाच वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही. आईबाबांना नाही, मित्रांना नाही, बायकोला गेल्या आठवड्यापर्यंत नाही. हेर क्रिंग्सना तर इतकी वर्षं नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्यासमोर जमेल.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बाबा तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई. घंटा तेच द्यायचे. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालो, जर्मनीत आखनला पुढच्या शिक्षणासाठी आलो, तेव्हा बाबांनी म्हणे त्या दिवशी शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा दिली. स्टाफरूममध्ये पेढे वाटत बसले होते.

पण खरं सांगू? इंजिनिअर झालो तेव्हा मी एक वायर धड सोलू शकत नव्हतो. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करणं. रीडिंग आधीच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायचं. आपल्या मीटरवर वेगळा आकडा आला तर मीटर चुकलं, जर्नल बरोबर. सर सही करायचे. चूक दिसली नाही की चूक झाली नाही — हे मी चार वर्षं शिकलो, आणि पहिल्या वर्गात पास झालो.

हेर क्रिंग्सचं वर्कशॉप आखनच्या कडेला, हॉलंडकडे जाणाऱ्या बसच्या शेवटच्या थांब्याजवळ होतं. तिथे वोनवागन दुरुस्त व्हायचे — गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरं, ज्यात इथली माणसं उन्हाळा काढतात. मी शनिवारी आणि सुट्टीत तिथे काम करायचो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या पायात कॅनव्हासचे बूट बघून ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या शनिवारी बाकाखाली त्यांच्या मुलाचे जाड बूट ठेवलेले होते, आत वर्तमानपत्र कोंबून. व्हिसा वाढवायच्या वेळी ते माझ्याबरोबर आउसलेंडरबेहोर्डेमध्ये आले आणि त्या परदेशी लोकांच्या कचेरीत तीन तास शेजारी बसून राहिले, ग्रीसचे हात तसेच. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आपण यांचे कोण?" तर म्हणाले, "हा नसला तर माझं दुकान अंधारात. एवढं पुरे ना?"

अशा माणसाशी मी काय केलं, ते सांगतो. सांगतो — पण आधी वहीबद्दल सांगायला हवं.

वर्कशॉपच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असायची. फेलरबूख, म्हणजे चुकांची वही. आठवडाभरात ज्याच्या हातून जे चुकलं ते त्यानं शुक्रवारी स्वतःच्या हातानं लिहायचं. कोणती गाडी, काय चुकलं, काय करायला हवं होतं, आणि शेवटचा रकाना: पुन्हा तीच चूक? हो किंवा नाही. खाली सही. ओरडा नाही, पगारकपात नाही. सगळ्यात जास्त नोंदी खुद्द हेर क्रिंग्सच्या. शेवटच्या रकान्यात 'हो' आलं तर मात्र शिक्षा होती — सगळ्यांसाठी केक आणायचा. घरी केलेला. विकतचा चालत नसे.

बस. एवढीच शिक्षा. हे लक्षात ठेवा.

२००४ च्या सुमाराला आमच्या भागात टीव्हीचं जुनं प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल सुरू होणार होतं. ठरलेल्या दिवसानंतर साध्या अँटेनावर नुसत्या मुंग्या दिसणार. कॅम्पिंगच्या जागी केबल कुठली? सगळे अँटेनावाले. त्यामुळे उन्हाळ्याआधी वोनवागनांची ही रांग लागली. काम सोपं होतं: अँटेना आणि टीव्ही यांच्यामध्ये एक छोटा डबा बसवायचा, तो नवे सिग्नल जुन्या टीव्हीला समजतील असे करून देतो. टीव्ही तोच राहतो. जुन्यातला जुना टीव्हीही चालतो. हे सगळं काम हेर क्रिंग्सनी माझ्याकडे दिलं. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आमचा मिलिंद बघेल. इंजिनिअर आहे तो, आमच्यासारखा हातोडीवाला नाही."

पहिलाच डबा मी जाळला. डब्यावर लिहिलं होतं बारा व्होल्ट, गाडीच्या बॅटरीवर लिहिलं होतं बारा व्होल्ट. मी जोडले. छापलेलं ते खरं — मी तसाच वाढलो होतो ना? पण चार्जर लावलेला असला की बॅटरीच्या तारेत चौदाच्या वर व्होल्ट येतात, आणि ते स्वस्तातले डबे तेवढं सोसत नाहीत. मध्ये एक बोटभर रेग्युलेटर लावावा लागतो. हेर क्रिंग्सनी मीटर माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कागद काय म्हणतो ते राहू दे. तारेला विचार." शुक्रवारी मी वहीत लिहिलं. सही केली. वर्कशॉपमधल्या जुन्या कारागिरानं पाठीवर थाप मारली, "आता तू आमच्यातला झालास." मला आयुष्यात एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दहा दिवसांनी मी तेच पुन्हा केलं.

फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लेनार्ट्सची गाडी होती. सत्तरीच्या बाई, नवरा आदल्याच वर्षी गेलेला. आयफेलच्या डोंगरात तळ्याकाठी त्यांची कायमची जागा होती, एप्रिल ते ऑक्टोबर त्या तिथे राहायच्या, एकट्या. टीव्ही नवऱ्यानं बसवलेला — ग्युंटरनं. लहानसा, जाड काचेचा, पलंगासमोर लाकडी चौकटीत. त्या म्हणाल्या, "बघा हं, चौकटीला धक्का नको. ग्युंटरनं तीन रविवार घालवलेत त्यावर."

त्या कॉफी प्यायला बाहेर गेल्या. मी घाईत होतो, अजून दोन गाड्या उभ्या होत्या. रेग्युलेटर खिशातच राहिला. डबा लावला, हिरवा दिवा लागला, विझला, आणि तो वास आला.

आता तुम्ही म्हणाल, मग? वहीत लिही, केक आण. हो ना! एका केकचा प्रश्न होता. मला केक करता येत नव्हता, पण तेवढ्यानं काही अडलं नसतं. फ्राऊ क्रिंग्सनी शिकवला असता. पण 'पुन्हा तीच चूक? हो' — याच्याखाली माझी सही? इंजिनिअरची? बाबांच्या मुलाची? माझ्या डोक्यात त्या क्षणी वर्कशॉप नव्हतंच. कॉलेजची प्रयोगशाळा होती, आणि मीटर चुकलेलं होतं.

जळलेला डबा मी 'कंपनीतूनच खराब आलेले' या खोक्यात टाकला. फ्राऊ लेनार्ट्स परत आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, "हा टीव्ही फार जुना आहे. नव्या प्रक्षेपणावर असे टीव्ही चालत नाहीत. काढून टाकावा लागेल."

त्यांनी एकदाच विचारलं, "नक्की?"

"हो, नक्की," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. इंजिनिअर सांगतोय म्हटल्यावर छापलंय तसंच ते.

मला वाटलं, संपलं. पण फ्राऊ लेनार्ट्सनी कॅम्पिंगवर सगळ्यांना सावध केलं — जुने टीव्ही टाकून द्या, क्रिंग्सकडच्या इंजिनिअरनं सांगितलंय. लोकांनी टाकले! तिघाचौघांनी चांगले चालते टीव्ही रस्त्याकडेला मोठ्या कचऱ्यात ठेवले. ही बातमी हेर क्रिंग्सपर्यंत आली तेव्हा ते लालबुंद झाले. "कोण गाढव म्हणालं असं?" त्यांनी फोन फिरवले. पुढच्या शनिवारी फ्राऊ लेनार्ट्स मुलीला घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या.

इथपर्यंतही मला परत फिरता आलं असतं.

हेर क्रिंग्सनी मला हाक मारली. सगळ्यांसमोर, पण मऊ आवाजात. "मिलिंद, तू यांना म्हणालास का, की जुना टीव्ही चालत नाही?"

मी म्हणालो, "नाही. मी असं काही म्हणालो नाही."

फ्राऊ लेनार्ट्स माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. त्या स्वतःच्याच डोक्यात काहीतरी शोधत होत्या. शोधत राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "असेल. हल्ली होतं माझं असं." मुलीनं हेर क्रिंग्सकडे पाहिलं — बघितलंत ना, मी म्हणत होते ते? — आणि आईचा कोट सारखा केला, लहान मुलाचा करतात तसा.

ही माझी चूक. डबा नव्हे, टीव्ही नव्हे. एका शाबूत बाईला मी तिच्या मुलीसमोर विसरभोळी ठरवलं, आणि ते तिनं मान्य केलं.

त्या हिवाळ्यात त्यांची वोनवागन विकायला आमच्याकडेच आली. आईला आता एकटीला तिथे ठेवणं बरं नाही, असं मुलगी म्हणाली. माझ्यामुळेच का? मला माहीत नाही. माझ्यामुळे नाही, असं मात्र मला कधीच म्हणता आलं नाही. रिकामी लाकडी चौकट मीच उतरवली. मागे भिंतीवर पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि ग्युंटरच्या अक्षरात लिहिलेलं: 'गेर्डाचे डोळे, उशीवरून.' बायकोला झोपून नीट दिसावं म्हणून त्यानं उंची मोजून घेतली होती. तारेला विचारून, म्हणा ना.

मी ती भिंत पुसली. विकायच्या गाडीच्या भिंती पुसतात.

शिक्षण संपल्यावर हेर क्रिंग्सनी मला त्सोयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र लिहून दिलं. त्यात एक वाक्य आहे: 'स्वतःच्या चुका तो स्वतःहून लिहितो.' इंगोलश्टाट शहरातल्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. म्हणाले, असं वाक्य मी पहिल्यांदाच वाचतोय. नोकरी लागली. बाबांचं घर झालं, बहिणीचं शिक्षण झालं. इथे महिन्यातून एका रविवारी आम्ही चार घरं वंदनेला जमतो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी — खोटं बोलण्यापासून दूर राहीन — माझा आवाज खाली जायचा. शेजारच्यांना वाटायचं सर्दी आहे.

गेल्या आठवड्यात बायकोनं कागद आवरताना ते प्रशस्तिपत्र काढलं. "अहो, किती सुंदर लिहिलंय! हे फ्रेम करून हॉलमध्ये लावू." आणि फोनवर तिच्या वडिलांना ते वाक्य मराठीत करून वाचायला लागली. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मग तिला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. तिनं ते प्रशस्तिपत्र टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला केक करता येतो का आता?"

मी हसलो. आणि मग — जाऊ दे. रात्री हेर क्रिंग्सना पत्र लिहिलं. सकाळी ते टपालाच्या पिवळ्या पेटीत टाकलं तेव्हा पेटीचं झाकण पडल्याचा आवाज ऐकत मी जरा उभा राहिलो. कामावर जाताना शीळ घालत होतो, हे सहकाऱ्यानं सांगितलं तेव्हा कळलं. उत्तर यावं असं काही नाही. आलं तर वाचीन. फक्त खांदे आपल्या जागेवर आलेत, एवढं खरं.

पत्र जर्मनमध्ये लिहिलं. मराठीत ते असं होतं:

"आदरणीय हेर क्रिंग्स,

चुकांच्या वहीत माझी एक नोंद राहिली आहे. ती खाली देतो.

गाडी: फ्राऊ गेर्डा लेनार्ट्स यांची वोनवागन.

काय चुकलं: रेग्युलेटर न लावता डबा जोडला, जाळला, खराब आलेल्या खोक्यात लपवला. टीव्ही चालणार नाही असं फ्राऊ लेनार्ट्सना मीच सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्यासमोर नाही म्हणालो.

काय करायला हवं होतं: खरं बोलायला हवं होतं. ग्युंटरचा टीव्ही चांगला होता. फ्राऊ लेनार्ट्सना सगळं बरोबर आठवत होतं, शब्द न् शब्द. त्या गेल्याचं तुमच्या नाताळच्या कार्डातून कळलं होतं. त्यांच्या मुलीला हेच आजच्या टपालानं लिहिलं आहे. माझ्या प्रशस्तिपत्रातलं चुकांबद्दलचं वाक्य खरं नाही. ते पत्र सोबत परत पाठवत आहे.

पुन्हा तीच चूक?: हो.

केक शुक्रवारी पोहोचेल. घरी केलेला आहे.

मिलिंद"