अण्णांच्या कंप्युटरवर वाकडी दिसणारी वेबसाइट

“मॅडम, तुमची वेबसाइट वाकडी हाय.”

शुक्रवारची सकाळ, चहाचा कप अजून हातातच. फोनवर श्रीनिवास अण्णा होते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचे मालक. त्यांची वेबसाइट मी करत होते. आदल्याच दिवशी लॅपटॉपवर आणि घरातल्या सगळ्या फोनवर तपासून दिली होती. कुठेही वाकडी नव्हती.

“कशावर बघताय, अण्णा?”

“डिझाइनच्या कंप्युटरवर.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

चादरीवरची नक्षी आखायचं त्यांचं सॉफ्टवेअर फक्त त्या जुन्या कंप्युटरवर चालतं, म्हणून अण्णा तो बदलत नाहीत. त्यातला ब्राउझरही तितकाच म्हातारा. ब्राउझर म्हणजे आम्ही लिहिलेलं पान वाचून पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम. सूचना सगळ्यांना एकच, पण प्रत्येक ब्राउझर त्या आपापल्या परीने पाळतो. नव्या सूचना जुन्याला कळतच नाहीत, तो त्या सरळ सोडून देतो. मग चादरींचे फोटो खाली घसरतात आणि मजकूर त्यांच्या उरावर बसतो.

“अण्णा, तो ब्राउझर आता कुणी वापरत नाही.”

“मी वापरतो की! हितं पास झाल्याशिवाय आमच्या मागावर काय चढत न्हाय.”

सोमवारी एका हॉटेल कंपनीच्या खरेदीच्या मॅडम साइट बघणार होत्या. माल पसंत पडला तर वर्षभराच्या टॉवेलची ऑर्डर. मोठं गिऱ्हाईक सुटल्यापासून अण्णांचे अर्धे माग बंद होते, कामगारांना दिवसाआड काम मिळत होतं. अण्णांचा जीव टांगणीला लागला होता आणि ते माझा खात होते.

“मग अख्ख्या पानाचा फोटो काढून लावा,” ते म्हणाले. “फोटो कुटं वाकडा व्हतोय?”

“फोटोतलं बटण दाबता येत नाही, अण्णा!”

शुक्रवार त्या म्हाताऱ्या ब्राउझरची मनधरणी करण्यात गेला. तिथे पान सरळ झालं, तर माझ्या फोनवर बिघडलं. फोन नीट केला, की कारखान्यातून पुन्हा “वाकडं हाय”. शनिवारी मी वैतागून गाडी काढली आणि थेट कारखाना गाठला.

अण्णा दारात उन्हात उभे होते. नव्या चादरीचं टोक धरून रंग बघत होते. मग तीच चादर आत नेऊन ट्यूबलाइटखाली धरली.

“दोन्हीकडं कशाला बघताय?” मी विचारलं.

“उन्हात लाल दिसतो, आत तपकिरी मारतो. गिऱ्हाईक कुटं आंथरंल, आपल्याला काय म्हाईत?”

“मग वेबसाइट एकाच कंप्युटरवर का पास करताय?”

अण्णांनी चादरीची घडी घातली. “म्हंजे, सगळ्यांच्या फोनवर बघाया पायजे?”

“हो!” मी विजयी सुरात म्हणाले. इथे माझं चुकलं.

त्याच संध्याकाळपासून अण्णांकडून स्क्रीनशॉट सुरू झाले. वॉचमनचा फोन, टेम्पोवाल्याचा, चहावाल्याचा, अक्कलकोटच्या पाहुण्यांचा कन्नड भाषेत लावलेला फोन. “मॅडम, चादरीच्या मधोमध रेघ दिसतीय.” त्या फोनची काचच फुटलेली होती. “मॅडम, समदं काळं हाय.” त्या फोनवर पडदा काळा करणारा डार्क मोड लावलेला होता. रविवारी मी फोन पालथा घालून जेवायला बसले.

जेवण झाल्यावर पाहिलं तर आणखी एक स्क्रीनशॉट, अक्कांचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा. चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून त्यांनी फोनमधली अक्षरं भली मोठी करून ठेवलेली. त्या अक्षरांनी ‘चौकशी करा’ हे बटण पडद्याबाहेर ढकललं होतं. अख्ख्या पसाऱ्यात खरी चूक तेवढी एकच, आणि ती माझी होती. दातओठ खात ती दुरुस्त केली.

सोमवारी दुपारपर्यंत कारखान्यातून एकही फोन नाही. मलाच चैन पडेना. शेवटी अण्णांचा आला. “मॅडम, चौकशी आली! त्या बाई सॅम्पल बघाया येनार हायत.”

हॉटेलच्या मॅडम आल्या त्या दिवशी अण्णांनी मलाही बोलावलं. ऑर्डरचं बोलणं झाल्यावर बाई हसत म्हणाल्या, “तुमच्या साइटवर बटण पटकन सापडलं. माझ्या फोनवर अक्षरं मोठी असतात ना, एका कंपनीचं तर शेवटपर्यंत सापडलंच नाही.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्या चहा गाळत होत्या.

तेव्हापासून कुठलीही साइट देण्याआधी मी फोनची अक्षरं मोठी करून एकदा बघते. ब्राउझर हवे तितके तपासावेत, पण चष्मा न लावणारं माणूसही एक तपासावं.

निघताना डिझाइनच्या खोलीत डोकावले. त्या जुन्या कंप्युटरवर नवी कोरी चादर टाकून ठेवली होती.

“हे काय, अण्णा?”

“अजून वाकडंच दिसतंय त्यात,” अण्णा हळूच म्हणाले. “गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचं?”