खाली पडणारा डावा हात

साम्रित वस्तादांनी जन्मभर दुसऱ्यांच्या लाथा हातांवर झेलल्या. थायलंडमधल्या सुरिनच्या आमच्या थाय बॉक्सिंगच्या तालमीत त्यांचं कामच ते. जाड पॅड बांधून समोर उभं राहायचं आणि लाथ नीट बसली की "ओय!" म्हणून ओरडायचं. बायको गेल्यापासून ते रिंगणामागच्या खोलीतच राहायचे. एक टीव्ही, एक चिकट भाताची टोपली.

क्रताय आली तेव्हा एकोणीस वर्षांची. क्रताय म्हणजे ससा, नाव शोभायचं. लाथ मारण्याआधी तिचा डावा हात गालावरून खाली पडायचा. गाल उघडा पडतो, म्हणून कुठलाही वस्ताद आधी हेच मोडून काढेल. साम्रितांनी मोडलं नाही. मालक विनय सगळ्यांदेखत म्हणाला, "वस्ताद, डोळे गेले की जीभ?"

"दोन्ही जागेवर आहेत. तिचा हातही."

कारण होतं फिथक. बारा वर्षांपूर्वी त्याचाही हात असाच पडायचा. वस्तादांनी त्याला गालाशी फडकं धरायला लावलं. पडलं की पोटरीवर छडी. चार महिन्यांत हात वर आला आणि लाथ मेली; तिचा जोर त्या हाताच्या झोक्यातूनच यायचा. फिथक आता बसस्टँडवर कोंबडी भाजतो. वस्ताद दिसले की पाठ करून निखाऱ्यांना वारा घालत बसतो.

म्हणून या वेळी त्यांनी हाताला हात लावला नाही. हात पडला की समोरची आत येणार, तेव्हा अर्धं पाऊल मागे कसं सरायचं, एवढंच शिकवलं. रोज दोनशे वेळा. हात तिचा, पाऊल त्यांचं.

देवळाच्या जत्रेतल्या लढतीत दुसऱ्या फेरीतच तिची भुवई फुटली. कोपऱ्यात येऊन तिनं विचारलं, "वस्ताद, हात वर घेऊ?"

विनय मागून "घे, घे" करत होता. वस्तादांनी भुवईवर बर्फ दाबला. "तुला काय दिसतंय?"

"ती हातच बघते. पाय बघत नाही."

"मग मला काय विचारतेस?"

तिसऱ्या फेरीत हात पडला, समोरची धावली, आणि लाथ बरगडीखाली अशी बसली की वस्तादांचा "ओय" देवळातल्या भिक्खूंनीही ऐकला असेल.

महिन्याभरात बँकॉकची मोठी तालीम तिला घेऊन गेली. निघताना ती मोगऱ्याचा हार देऊन वस्तादांच्या पायांशी वाकली. तिला न्यायला आलेल्या नव्या वस्तादाला ते हाताचं सांगू लागले. "बघतो ना आम्ही, काका," म्हणत तो गाडीचं दार लावत होता. बँकॉकची माणसं खेड्यातल्या म्हाताऱ्याला बोलू देतात, ऐकून घेत नाहीत. मला तेव्हाच त्याची गचांडी धरावीशी वाटली होती.

काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी टीव्हीवर तिची लढत लागली. सगळी तालीम वस्तादांच्या खोलीत कोंबली होती. तिचा डावा हात गालाला चिकटलेला, शाळेतल्या मुलीसारखा शिस्तीत. लाथा लागत होत्या, पण नुसत्या लागत होत्या. ती गुणांवर जिंकली. विनयनं टाळ्या पिटल्या. पाच फेऱ्यांत वस्ताद एकदाही "ओय" म्हणाले नाहीत.

मग ते उठून बसस्टँडवर गेले. तिथल्या टीव्हीवरही तीच लढत लागून गेली होती. मी मागोमाग. फिथकनं पाठ केली नाही. वारा घालता घालता त्याचा पंखा थांबला.

"तिचापण हात वर आला," तो म्हणाला.

वस्तादांनी मान हलवली. फिथकनं भाजलेल्या कोंबडीची एक काडी त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा निखाऱ्यांकडे वळला. वस्तादांनी कोंबडी उभ्या उभ्या खाल्ली आणि एकटेच परत निघाले.