शिवाप्पाच्या टेपचं हमिंग

मौला मिस्त्रीचं नाक म्हणजे निम्मं टेस्टिंग मीटर. बंद पडलेला टेप आला की मागच्या जाळीला आधी नाक लावायचं, डोळे मिटायचे आणि मग सांगायचं, "ट्रान्सफॉर्मर भाजलाय." गंगावेशीतल्या त्याच्या दुकानात एक फळी, एक खुर्ची आणि आढ्यापर्यंत रचलेले मेलेले टेप. त्याची बायको खैरुनबी म्हणायची, "दुकान कसलं, कबरस्तान हाय ते." मोबाईलच्या जमान्यात टेप कोण दुरुस्त करतंय? पण हौशी लोक हायत अजून, आणि त्यांना मौलाशिवाय कोण न्हाई.

एका गोष्टीचा मात्र त्याला मनस्वी राग. हमिंगचा. टेप लाईटवर लावला की गाण्याच्या मागनं 'गूंऽऽ' अशी गुणगुण येते ना, ती ऐकली की त्याला दाताखाली खडा आल्यागत व्हायचं. त्याच्या हातून गेलेला टेप गुणगुणणार न्हाई म्हणजे न्हाई!

शेजारच्या पानपट्टीवाल्या शिवाप्पाचा टेप तेवढा त्याच्या तावडीतनं सुटलेला. दोन स्पीकरांचा, वर दांडी असलेला जुना जपानी टेप. दिवसभर कानडी भक्तिवचनांची कॅसेट आणि मागनं ती 'गूंऽऽ'. मौला फळीवरनं ओरडायचा, "शिवाप्पा, आण की रं हिकडं, गुणगुण काढून देतो." शिवाप्पा पानाला चुना लावत म्हणायचा, "असू दे की. तुझं काय खातंय ते?" दोघांची म्हातारपणं आली तरी हे भांडण काय मिटलं न्हाई.

मग शिवाप्पाला लकवा मारला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, माणसं ओळखायचा राहिला. पानपट्टीला कुलूप लागलं, टेप घरी उशाला आला. आणि काय नवल बघा, टेप लावला की गडी तोंड उघडायचा, न्हाई लावला तर दात घट्ट. त्याची बायको रत्नव्वा टेप लावून नाचणीची आंबील भरवायची. त्या टेपवरच तो जगत होता म्हणा ना. आणि एक दिवस टेपच मेला.

रत्नव्वा टेप पोटाशी धरून दुकानात आली. "मौलाभाऊजी, कालपासनं पोटात कण न्हाई त्यांच्या. डाक्टर म्हणतोय नाकातनं नळी घालू. शुद्धीत असलेल्या माणसाला नळी घालत्यात व्हय? एवढं चालू करा, पाया पडते."

"पाया काय पडताय वैनी? मी हाय की!"

मौलानं जाळीला नाक लावलं. जळका वास. मग सहा सेल घालून बटण दाबलं, तर कॅसेट खडखडीत वाजायला लागली. "बघा, जीव हाय त्यात. लाईटच्या बाजूनं मार खाल्लाय. आजच्या दिवस सेलवर लावा, उद्या लाईटचं बघतो."

सकाळी रत्नव्वा परत दारात. "वाजतंय, पण त्ये तोंड उघडंनात. पोरानं, शिवकुमारनं मोबाईलवर लावलं तेच गाणं, तरी न्हाई."

"सेलवर आवाज पातळ येतोय, म्हणून असंल," मौला म्हणाला. इथंच माशी शिंकली. वास घेऊन दुखणं ओळखणाऱ्या माणसाला समोरचं दुखणं दिसलं न्हाई.

त्यानं टेप खोलला. फ्यूजच्या जागी जाड तार पिळून घातलेली. शिवकुमारचा प्रताप, शिवाप्पाच्या पोराचा. फ्यूज वाचवायला गेला आणि ट्रान्सफॉर्मर भाजून बसला. मौलानं त्याला फोनवर चार शिव्या हासडल्या. जुना ट्रान्सफॉर्मर काढला, मापाचा नवा गुंडाळून आणला. मोठा कंडेन्सरही वाळलेला दिसला, गुणगुणीचं मूळ तेच, तोही बदलला. शंभरचा बल्ब मधे घेऊन लाईट दिली. बल्ब एकदा भपकन पेटला आणि मंद झाला, म्हणजे शॉर्ट न्हाई, सगळं ठाकठीक. कॅसेट लावली. आरशागत स्वच्छ आवाज. मौलाची छाती फुगली. एवढी वर्षं शिवाप्पानं करू दिलं न्हवतं ते काम आज झालं!

टेप तो स्वतः घेऊन गेला. उशाला ठेवला, बटण दाबलं. वचन सुरू झालं. रत्नव्वानं चमचा ओठाला लावला. दात घट्ट. आवाज वाढवला, कॅसेट उलटी लावली. शिवाप्पा भिंतीकडं बघत पडलेला.

मौला त्या स्वच्छ आवाजाकडं कान लावून उभा राहिला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. सेलवर गुणगुण नसते. मोबाईलवर नसते. आणि आता लाईटवरची त्यानंच काढली होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

तो पळत दुकानात गेला, हत्यारं आणि जुना कंडेन्सर घेऊन आला. तिथंच जमिनीवर बसून नवा कंडेन्सर काढला, वाळका परत जोडला. उभ्या जन्मात त्यानं असलं काम केलं न्हवतं, चांगला पार्ट काढून खराब घालायचं. लाईट दिली. गूंऽऽ! शिवाप्पाची मान हलली. डोळे टेपकडं आले. रत्नव्वानं चमचा उचलला. आणि डोळे परत भिंतीकडं गेले.

"ह्यो त्यो आवाज न्हवं," रत्नव्वा म्हणाली. "त्याच्यात घुरघूर होती."

घुरघूर जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सैल पत्र्यांची होती, आणि तो भाजून कोळसा झालेला. मौलानं नव्याचे स्क्रू सैल केले, पत्र्यात कागद घातला, काढला. काय काय म्हणून केलं न्हाई! पण घुरघूर काय आली न्हाई. ऐकलेली रोज, आणि करायची कशी ते त्याला ठाऊक न्हाई. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वैनी, मला जमंना हो."

रत्नव्वानं चमचा आंबिलीत बुडवला. तिनं ओठ मिटले, मान जरा खाली घातली आणि नाकातनं, घशातनं आवाज काढला. गूंऽऽ, आणि त्यात ती बारीक घुरघूर. हुबेहूब.

शिवाप्पानं तोंड उघडलं.

एक चमचा गेला, दुसरा गेला. दम घ्यायला ती थांबली की दात मिटायचे. तिला उसंत मिळावी म्हणून मौलानंही गुणगुणून बघितलं. शिवाप्पानं तोंड फिरवलं.

वाटी निम्मी होईस्तोवर रत्नव्वाच्या कपाळावरनं घाम गळायला लागला, मानेची शीर तटतटली.

"रोज असं किती दिवस करणार वैनी?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "दम हाय तवर." आणि परत ओठ मिटले.

मौलानं कॅसेटचा आवाज जरा बारीक केला, तिचा आवाज शिवाप्पाला ऐकू जावा म्हणून. दुसरं काही त्याच्या हातात न्हवतं.