दोनशे ऐंशीची शराफत

रिकाम्या पिशव्या आपण एका पिशवीत कोंबतो आणि ती दारामागे टांगतो. एक दिवस ते दारच पूर्ण उघडेनासं होतं. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या व्हरांड्यातल्या गोष्टींचं तसं झालंय. थोड्या काढून वाटल्या नाहीत, तर घरात शिरायला जागा राहणार नाही.

मंडळी तीनच. एक आमचे हे, इथल्या स्टील प्लांटच्या ऑफिसातून रिटायर झालेले. दुसरे शेजारच्या ब्लॉकमधले वानखेडे भाऊजी, प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. तिसरे साहूजी, कॅम्प वनमध्ये त्यांचं गॅरेज आहे. रविवारी सकाळी तिघं जमतात, मी चहा करते आणि विषय एकच निघतो, जपानच्या वेगवान गाड्या. तिघांपैकी एकानंही तसली गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून असे बोलतात, की जणू आत्ताच धुऊन पुसून अंगणात उभी करून आलेत!

*

एकदा मी सहज विचारलं, की या सगळ्या गाड्यांची ताकद दोनशे ऐंशी घोड्यांचीच कशी? कंपन्या वेगळ्या, इंजिनं वेगळी आणि आकडा तेवढा एकच?

यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणजे आता लांबणार हे मी ओळखलं. तर म्हणे, जपानमध्ये अपघात फार वाढले, तेव्हा तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवलं, की दोनशे ऐंशी हॉर्सपॉवरच्या वर कोणी जायचं नाही. कायदा नाही, दंड नाही, नुसता शब्द. तो पुष्कळ वर्षं चालला. पुढे इंजिनांची ताकद वाढत गेली, पण कागदावर सगळे दोनशे ऐंशीच लिहीत राहिले.

"म्हणजे सगळे मिळून खोटं बोलत होते," मी म्हटलं.

मी चहात मीठ घातल्यासारखे तिघं माझ्याकडे बघायला लागले.

"झूठ नहीं भाभी," साहूजी म्हणाले, "शराफत का मामला है."

*

ही शराफत माझ्या ध्यानात आली ती संक्रांतीला. हळदीकुंकवात चढाओढ फार व्हायला लागली होती, म्हणून आमच्या महिला मंडळानं ठरवलं, की यंदा फराळाचे दोनच पदार्थ. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिला मान भोयरबाईंचा. बशीत चिवडा आणि लाडू, अगदी दोनच. मला कौतुक वाटलं. मग ढोकळा आला. तो म्हणे नाश्ता असतो, फराळ नाही. मग गुलाबजाम आले, ते पाहुण्यांसाठी केले होते, त्यातले उरले होते. शेवटी कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी. "हे तं घरच्याईसाठी केलं व, तुम्ही काय परक्या हाये?"

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "दोनशे ऐंशी," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून आमच्याकडे हा शब्दच झाला. कोणी कमी करून सांगितलं, की दोनशे ऐंशी. डॉक्टरांनी यांना विचारलं, चहात साखर किती घेता? हे म्हणाले, "एकच चमचा." मी मागून सवयीनं म्हणाले, "दोनशे ऐंशी." डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना वाटलं, मी शुगरचा रिपोर्टच सांगून राहिले!

*

वानखेडे भाऊजींची नोकरी मात्र या बाबतीत सोवळी. क्रेनच्या पाटीवर जेवढे टन लिहिलेले, त्यापेक्षा जास्त त्यांनी जन्मात कधी उचललं नाही. क्रेन आरामात उचलते हे सगळ्यांना ठाऊक. सोबतचे आग्रह करायचे, चिडवायचे. भाऊजी खाली उतरून डबा उघडून बसायचे.

रिटायर झाले आणि त्यांनी नवी गाडी घेतली. बनलेली इथलीच, पण नाव जपानी. टाउनशिपमध्ये अगदी सभ्यपणे चालवायचे. दुर्गच्या पुढे मोकळा हायवे लागला, की ॲक्सिलरेटरवरचा पाय जड व्हायचा. मी एकदा म्हटलं, भाऊजी, तुम्ही तर पाटी पाळणारे माणूस.

"तेच तं वहिनी," ते म्हणाले, "तिकडे नाही उचललं, ते सारं आता इकडे उचलून राहिलो."

*

आता या नव्या गाड्या ऐंशीच्या वर गेल्या, की आतल्या आत बीप वाजतो. पहिल्यांदा वाजला तेव्हा भाऊजींच्या शेजारी सुमनताई होत्या, त्यांच्या मिसेस. त्यांनी आधी पर्समध्ये फोन शोधला. मग विचारलं, कायचा आवाज हो? भाऊजींनी सांगून टाकलं, की तुझा सीटचा पट्टा सैल झाला की वाजते.

झालं. त्यानंतर बीप वाजला, की सुमनताई पट्टा ओढून नीट करायच्या. भाऊजी ही गंमत आमच्या व्हरांड्यात रंगवून सांगायचे आणि तिघं हसायचे.

सुमनताई आजारी होत्या तेव्हा मी रोज जाऊन बसायची. एक दिवस त्यांनी आपणहून तो विषय काढला.

"मले माहीत आहे ना मंदा, तो आवाज कायचा आहे. पण पट्टा नाही ओढला तं त्याईले समजन, का मले समजलं. मंग हळू चालवतीन अन् दिवसभर तोंड पाडून बसतीन."

मी हे भाऊजींना कधीच सांगितलं नाही. सुमनताई गेल्यावर तर नाहीच.

*

यंदा उन्हाळ्यात त्यांची मुलगी रश्मी पुण्याहून आली, ती ठरवूनच. बाबा एकटे, वय झालेलं, गाडी विकायची आणि त्यांना सोबत न्यायचं. गाडी गेली, की भिलाईत राहायला त्यांच्याजवळ निमित्तच उरणार नव्हतं. भाऊजींनी आमच्या व्हरांड्यात चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"पुण्याले मी काय करू? बाल्कनीत उभा राहून लोकाईच्या गाड्या पाहू?"

मग तिघांनी जपानी पद्धतीनं ठरवलं. रश्मीनं कोणालाही विचारलं, तरी उत्तर एकच. भाऊजी चाळीसच्या वर जात नाहीत. मलाही त्यांनी हेच सांगायला लावलं, तेव्हा मी स्पष्ट म्हटलं, की मी खोटं बोलणार नाही. हे म्हणाले, "तू चहा कर. तुले कोण विचारते?"

रश्मीनं यांना विचारलं, चाळीस. गॅरेजात जाऊन साहूजींना विचारलं, चाळीस. सिविक सेंटरच्या बाजारात भोयरबाई भेटल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यासुद्धा चाळीस!

ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काकू, सगळे चाळीसच कसे म्हणतात? कोणी तरी पैंतालीस बोलता ना."

मी पोळी उलटवली. पण तिनं मला विचारलंच नाही. "उद्या आम्ही डोंगरगडला देवीच्या दर्शनाला जातोय. बाबा चालवतील. मी बघते, मग ठरवते. तुम्ही पण चला."

सकाळी निघालो. मी मागे, रश्मी पुढे. भाऊजींनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि काटा चाळीसवर ठेवला. डोंगरगडपर्यंत चाळीस. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन थकले. एक ट्रॅक्टर आमच्या पुढे गेला. त्यावरची बाई आमच्याकडे वळून काळजीनं बघत होती.

दर्शन झालं. पायऱ्या उतरून भाऊजींचे गुडघे धरले, तेव्हा रश्मी म्हणाली, आता मी चालवते. भाऊजी तिच्या शेजारी बसले.

राजनांदगाव मागे पडलं. रस्ता मोकळा होता. बीप वाजला.

रश्मी समोर बघत होती. भाऊजींनी खिडकीबाहेर नजर लावली आणि हळूच आपला पट्टा ओढून नीट केला.

थोड्या वेळानं पुन्हा बीप. पुन्हा पट्टा.

घरी पोचलो तर हे आणि साहूजी फाटकातच उभे. रश्मी उतरली. किल्ली तिनं बाबांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची मूठ मिटली.

"दिवाळीत दुर्ग स्टेशनला घ्यायला या. याच गाडीनं."

यांनी घड्याळ बघितलं, मग गाडीकडे बघितलं. "डोंगरगडहून इतक्या लवकर? किती स्पीडनं आली व तू?"

"चाळीस," रश्मी म्हणाली.

भाऊजी चपलेत पाय नीट बसवत होते. "चाळीस," तेही म्हणाले.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी प्रसादाचा डबा काखेत घेतला, पदर सारखा केला.

"चाळीस," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेले.